केराटोकोनसवरील शस्त्रक्रिया आणि ऊतक पुनर्जनन

केराटोकोनस हा डोळ्याच्या स्वच्छमंडलाचा, म्हणजेच कॉर्नियाचा, हळूहळू वाढत जाणारा विकार आहे. या विकारात स्वच्छमंडल पातळ व दुबळे होते आणि डोळ्यातील दाबामुळे पुढच्या बाजूस शंकूसारखे फुगते. परिणामी डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशकिरणांचे नीट केंद्रीकरण होत नाही, प्रतिमा विरूप व अस्पष्ट दिसते आणि पुढील अवस्थेत चष्म्याने दृष्टी सुधारत नाही. विकाराची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते आणि वयाच्या तिशी-चाळिशीपर्यंत तो वाढत राहतो. म्हणजेच शिक्षण व उमेदवारीच्या वर्षांतच रुग्णाच्या दृष्टीवर आघात होतो.

दीर्घकाळ या विकारावर स्वच्छमंडलाचे प्रतिरोपण हाच एकमेव शस्त्रक्रियात्मक उपाय होता. एकविसाव्या शतकात विकाराची वाढ थांबवणाऱ्या, स्वच्छमंडलाचा आकार सुधारणाऱ्या आणि केवळ रोगग्रस्त थर बदलणाऱ्या पद्धती विकसित झाल्या. यापुढील टप्पा म्हणजे नष्ट झालेले ऊतक पुन्हा निर्माण करणे अथवा त्याच्या जागी प्रयोगशाळेत तयार केलेले ऊतक बसवणे. या दिशेने मानवी रुग्णांवर काही प्रयोग झाले असले, तरी त्यांतील बहुतेक पद्धती अद्याप नेहमीच्या उपचारांत आलेल्या नाहीत.

नाव

'केराटोकोनस' हा शब्द 'शिंग' आणि 'शंकू' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. वैद्यकीय परिभाषेत 'केराटो' हे पद स्वच्छमंडलासाठी वापरले जाते. मराठीत या विकाराचे वर्णन 'शंक्वाकार स्वच्छमंडल' असे करता येते. बोलीभाषेत स्वच्छमंडलाला अनेकदा बुबुळ म्हटले जाते आणि त्यामुळे त्याच्या प्रतिरोपणाला 'बुबुळ बसवणे' असेही म्हणतात. प्रत्यक्षात डोळ्याचा काळा किंवा तपकिरी दिसणारा रंगीत भाग स्वच्छमंडलाच्या मागे असतो. स्वच्छमंडल स्वतः रंगहीन व पारदर्शक असते.

स्वच्छमंडलाची रचना

स्वच्छमंडल हे डोळ्याचे सर्वांत पुढचे, घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक आवरण होय. त्याचा आडवा व्यास सुमारे ११.५ ते १२ मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. डोळ्याच्या एकूण प्रकाश-वक्रीकरण शक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे जवळपास ४३ डायॉप्टर, शक्ती स्वच्छमंडलाची असते. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागात झालेला अल्पसा बदलही दृष्टीवर मोठा परिणाम करतो.

स्वच्छमंडलाचे बाहेरून आत असे पाच प्रमुख स्तर मानले जातात.

१. अधिस्तर : सर्वांत बाहेरील पेशींचा थर. जखम झाल्यास तो काही दिवसांत पुन्हा तयार होतो.
२. बोमन स्तर : पेशीविरहित, चिवट असा पातळ थर. एकदा नष्ट झाल्यावर तो पुन्हा निर्माण होत नाही.
३. स्ट्रोमा किंवा आधारस्तर : एकूण जाडीचा सुमारे ९० टक्के भाग. यात कोलॅजन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंचे शेकडो पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यामध्ये केराटोसाइट नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात.
४. डेसिमे पटल : पातळ, लवचिक पटल.
५. अंतःस्तर : पेशींचा एकेरी थर. हा थर स्ट्रोमातील जादा पाणी सतत बाहेर काढून स्वच्छमंडल पारदर्शक ठेवतो. प्रौढ माणसात या पेशींची संख्या नव्याने वाढत नाही.

स्वच्छमंडलाची पारदर्शकता आणि त्याचे बळ ही दोन्ही स्ट्रोमातील तंतूंच्या नियमित मांडणीवर अवलंबून असतात. ही मांडणी गर्भावस्थेत व बाल्यावस्थेत घडते. जखम भरून येताना शरीर नवे कोलॅजन तयार करते, परंतु त्याची मांडणी मूळ रचनेइतकी नियमित नसते. म्हणून त्या जागी पांढरट वण उरतो. ऊतक पुनर्जननातील मुख्य अडचण येथेच आहे. नवे ऊतक केवळ तयार होऊन भागत नाही, ते पारदर्शकही असावे लागते.

विकाराचे स्वरूप

केराटोकोनसमध्ये स्ट्रोमातील केराटोसाइट पेशींची संख्या घटते, कोलॅजनचे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात व विरळ होतात आणि बोमन स्तराला जागोजागी भेगा पडतात. अंतःस्तर मात्र बहुधा शाबूत राहतो. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण रुग्णाचा निरोगी अंतःस्तर कायम ठेवून उरलेले थर बदलता येतात.

विकाराचे एकच एक कारण निश्चित झालेले नाही. आनुवंशिकता, डोळे वारंवार व जोराने चोळण्याची सवय, डोळ्यांची ॲलर्जी यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. बहुतेक रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांना विकार होतो, मात्र एका डोळ्यात तो अधिक वाढलेला असतो.

आढळ

वेगवेगळ्या प्रदेशांत आणि वेगवेगळ्या निकषांनुसार या विकाराचे प्रमाण भिन्न आढळते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील १९८६ च्या अभ्यासात दर एक लाख लोकांमागे ५४.५ रुग्ण आढळले होते. नेदरलँड्समधील २०१७ च्या अभ्यासात हेच प्रमाण दर ३७५ व्यक्तींमागे १ इतके होते. निदानाची साधने सुधारल्यामुळे सौम्य अवस्थेतील रुग्णही आता ओळखले जातात.

महाराष्ट्रात नागपूरजवळील ग्रामीण भागात ३० वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीतून 'मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अभ्यास' झाला. त्यात स्वच्छमंडलाची वक्रीकरण शक्ती ४८ डायॉप्टर किंवा त्याहून अधिक असणे हा निकष धरता २.३ टक्के लोकांत केराटोकोनस असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. निकष ४९ किंवा ५० डायॉप्टरपर्यंत कडक केल्यास हे प्रमाण बरेच कमी होते. या अभ्यासात स्वच्छमंडलाचा संपूर्ण नकाशा काढलेला नसल्याने त्याच्या आकड्यांकडे सावधपणे पाहिले जाते.

निदान आणि अवस्था

चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलणे, विशेषतः सिलिंडरचा क्रमांक वाढत जाणे, दिव्याभोवती रेषा किंवा एकाच वस्तूच्या अनेक पुसट प्रतिमा दिसणे ही आरंभीची लक्षणे होत. वाढलेल्या अवस्थेत रुग्णाने खाली पाहिल्यावर खालची पापणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात पुढे ढकलली जाते. या लक्षणाला मन्सनचे चिन्ह म्हणतात. सूक्ष्मदर्शक तपासणीत शंकूच्या पायथ्याभोवती लोहाचे तपकिरी कडे (फ्लायशर कडे) आणि स्ट्रोमाच्या खोल भागात ताणाच्या उभ्या बारीक रेषा (फोग्ट रेषा) दिसतात.

निश्चित निदानासाठी स्वच्छमंडलाचा नकाशा काढतात. यात पुढील व मागील अशा दोन्ही पृष्ठभागांची वक्रता आणि प्रत्येक बिंदूवरील जाडी मोजली जाते. काही महिन्यांच्या अंतराने काढलेल्या नकाशांची तुलना करून विकार वाढतो आहे की स्थिर आहे, हे ठरवतात. शस्त्रक्रियेची निवड मुख्यतः या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. चष्मा घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करण्यापूर्वीही हा नकाशा काढणे आवश्यक मानले जाते, कारण केराटोकोनस असलेल्या डोळ्यावर लॅसिक शस्त्रक्रिया केल्यास आधीच दुबळे असलेले स्वच्छमंडल आणखी पातळ होऊन विकार झपाट्याने वाढू शकतो.

इतिहास

जर्मन वैद्य बुर्खार्ड मौखार्ट यांनी १७४८ मध्ये या विकाराचे आरंभीचे वर्णन केले. ब्रिटिश वैद्य जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये शंक्वाकार स्वच्छमंडलावर स्वतंत्र ग्रंथ लिहून हा विकार इतर फुगवट्यांपासून वेगळा केला. स्विस नेत्रवैद्य योहान हॉर्नर यांच्या १८६९ मधील लेखनानंतर 'केराटोकोनस' हे नाव रूढ झाले. त्या काळी शंकूच्या टोकावर सिल्व्हर नायट्रेटचा डाग देऊन वण निर्माण करण्याचा उपचार केला जाई. वणामुळे ती जागा आक्रसून शंकू थोडा सपाट होईल, अशी त्यामागील कल्पना होती. १८८८ मध्ये फ्रान्समध्ये ओझेन काल्ट यांनी शंकूवर दाब देण्यासाठी काचेचे कवच वापरले. कॉन्टॅक्ट लेन्सच्या आरंभीच्या वापरांत त्याची गणना होते.

७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड त्सिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे मानवी स्वच्छमंडलाचे पहिले यशस्वी प्रतिरोपण केले. तो रुग्ण केराटोकोनसचा नव्हता, चुन्याने डोळे भाजलेला होता. केराटोकोनससाठी प्रतिरोपणाचा वापर १९३० च्या दशकात रामोन कास्त्रोविएजो यांच्या कामातून सुरू झाला. त्याच दशकात ओडेसा येथे व्लादिमिर फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीच्या डोळ्यांतील स्वच्छमंडल वापरण्याची पद्धत प्रस्थापित केली. त्यातून नेत्रपेढीची कल्पना पुढे आली. न्यूयॉर्क येथे १९४४ मध्ये नेत्रपेढी स्थापन झाली आणि भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे सुरू झाली.

कोलॅजन क्रॉस-लिंकिंग

विकाराची वाढ थांबवणे हा या पद्धतीचा हेतू आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे टेओ झाइलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेन्झाक यांनी १९९० च्या दशकात ती विकसित केली. रिबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) स्ट्रोमामध्ये मुरवून त्यावर अतिनील-अ किरण सोडले असता, ऑक्सिजनच्या उपस्थितीत कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे रासायनिक बंध तयार होतात आणि स्वच्छमंडल अधिक कडक बनते.

मूळ ड्रेस्डेन पद्धतीत भूल देणारे थेंब टाकून मधल्या ८ ते ९ मिलिमीटर भागातील अधिस्तर खरवडून काढतात. त्यानंतर ३० मिनिटे ०.१ टक्का रिबोफ्लेविनचे थेंब टाकतात आणि पुढील ३० मिनिटे ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण प्रति चौरस सेंटिमीटर ३ मिलिवॅट तीव्रतेने सोडतात. रिबोफ्लेविन किरणांचा मोठा भाग स्वतः शोषून घेते. त्यामुळे खालील अंतःस्तर, नेत्रभिंग आणि दृष्टिपटल यांचे संरक्षण होते. मात्र त्यासाठी स्ट्रोमाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते. याहून पातळ स्वच्छमंडलासाठी पाणी शोषून ऊतक तात्पुरते फुगेल असे द्रावण वापरणे किंवा रिबोफ्लेविनमध्ये भिजवलेली कॉन्टॅक्ट लेन्स वर ठेवणे, असे पर्याय पुढे आले. यांपैकी दुसरा पर्याय चेन्नई येथील सूसन जेकब व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडला. किरणांची तीव्रता वाढवून वेळ कमी करणाऱ्या वेगवान पद्धतीही प्रचलित आहेत.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांवर हा उपचार केला होता. सर्व डोळ्यांत विकाराची वाढ थांबली आणि १६ डोळ्यांत कमाल वक्रता सरासरी सुमारे २ डायॉप्टरने कमी झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१६ मध्ये या उपचाराला मान्यता दिली.

अधिस्तर भरून येईपर्यंत वेदना, तात्पुरता धूसरपणा आणि क्वचित जंतुसंसर्ग हे या उपचारातील धोके आहेत. उपचारानंतर स्ट्रोमाच्या पुढील भागातील केराटोसाइट पेशी नष्ट होतात आणि साधारण सहा महिन्यांत आजूबाजूच्या भागांतून पुन्हा तेथे येतात. क्रॉस-लिंकिंगने गेलेली जाडी परत येत नाही आणि चष्म्याचा क्रमांकही सहसा जात नाही. उपचाराचे मूल्य त्याच्या वेळेवर अवलंबून आहे. दृष्टी बरी असताना केल्यास ती टिकून राहते, परंतु शंकू पुरता वाढल्यावर केल्यास राखण्यासारखे फारसे उरलेले नसते.

स्ट्रोमात बसवली जाणारी अर्धवर्तुळाकार कडी

स्वच्छमंडलाच्या परिघाजवळ जादा पदार्थ बसवला असता मधला भाग सपाट होतो, हे तत्त्व कोलंबियातील नेत्रशल्यविशारद होसे बाराकेर यांनी मांडले होते. त्यावर आधारित कडी मूळतः सौम्य निकटदृष्टितेसाठी तयार झाली. फ्रान्समधील जोसेफ कोलँ यांनी २००० मध्ये केराटोकोनसमधील तिच्या वापराचा अहवाल प्रसिद्ध केला. ब्राझीलमध्ये पाउलो फेरारा यांनी अशाच प्रकारची वेगळी कडी विकसित केली. अमेरिकेत केराटोकोनससाठी या उपकरणाला २००४ मध्ये मर्यादित मान्यता मिळाली.

ही कडी ॲक्रिलिकसारख्या कठीण पारदर्शक प्लॅस्टिकची असते. फेमटोसेकंद लेसरने स्ट्रोमात बोगदा तयार करून त्यात एक किंवा दोन तुकडे सरकवतात. त्यामुळे शंकू सपाट होतो व मध्याकडे सरकतो आणि रुग्णाला चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणे सोपे जाते. तुकडे नको असल्यास काढता येतात. पातळ ऊतकातून कडी बाहेर डोकावणे हा मुख्य धोका आहे. तो टाळण्यासाठी सूसन जेकब व सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकऐवजी दात्याच्या स्वच्छमंडलाचे अर्धवर्तुळाकार तुकडे वापरण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. कडीने आकार सुधारतो, परंतु विकाराची वाढ थांबत नाही. म्हणून ती अनेकदा क्रॉस-लिंकिंगसोबत वापरतात.

स्वच्छमंडलाचे प्रतिरोपण

मध्यभागी वण पडलेला असेल, स्वच्छमंडल फार पातळ झाले असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स सहन होत नसेल, तर प्रतिरोपणाचा विचार केला जातो.

संपूर्ण जाडीचे प्रतिरोपण : यात रुग्णाच्या स्वच्छमंडलाची मधली चकती सर्व थरांसह कापून काढतात आणि तिच्या जागी दात्याची चकती बसवून केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने शिवतात. स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसल्याने इतर अवयवांच्या तुलनेत परके ऊतक नाकारले जाण्याची शक्यता कमी असते आणि केराटोकोनसच्या रुग्णांत यशाचे प्रमाण विशेष चांगले असते. तरीही ही जोखीम कायमची संपत नाही. स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरावे लागतात आणि त्यांमुळे काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. टाके टप्प्याटप्प्याने काढले जातात आणि दृष्टी स्थिरावण्यास एक वर्ष किंवा अधिक काळ लागतो. जखमेचा सांधा मूळ स्वच्छमंडलाइतका बळकट कधीच होत नाही. डोळ्याला मार लागल्यास कित्येक वर्षांनंतरही तो उसवू शकतो. वयाच्या विशीत प्रतिरोपण झालेल्या रुग्णास पुढे दुसऱ्या प्रतिरोपणाची गरज भासू शकते.

खोल आंशिक प्रतिरोपण : यात रुग्णाचे डेसिमे पटल व अंतःस्तर जागेवर ठेवून फक्त पुढील थर बदलतात. मोहम्मद अन्वर आणि क्लाउस टाइशमान यांनी २००२ मध्ये 'मोठा बुडबुडा' तंत्राचे वर्णन केले. स्ट्रोमाच्या खोल भागात हवा भरून डेसिमे पटल अलगद वेगळे करणे हे त्याचे सूत्र आहे. अंतःस्तर रुग्णाचा स्वतःचाच राहत असल्याने त्याच्या नाकारले जाण्याचा प्रश्न उरत नाही. डोळा पूर्ण उघडावा लागत नसल्याने शस्त्रक्रियाही अधिक सुरक्षित असते. शिवाय अंतःस्तराचा दर्जा कमी असल्याने एरवी निरुपयोगी ठरणारे दात्याचे स्वच्छमंडलही येथे वापरता येते. तंत्र अवघड असून मधेच पटल फाटल्यास संपूर्ण जाडीच्या प्रतिरोपणाकडे वळावे लागते.

बोमन स्तराचे प्रतिरोपण : नेदरलँड्समधील खेरिट मेलेस यांच्या गटाने ही पद्धत विकसित केली. दात्याचा बोमन स्तर वेगळा करून रुग्णाच्या स्ट्रोमात केलेल्या कप्प्यात टाक्यांविना पसरवतात. या थरात पेशी नसल्याने तो नाकारला जाण्याची शक्यता फार कमी असते. क्रॉस-लिंकिंग शक्य नसलेल्या अतिपातळ स्वच्छमंडलात शंकू आवरणे व प्रतिरोपण लांबवणे हा तिचा उद्देश आहे.

डेसिमे पटल अचानक फाटून स्वच्छमंडलात पाणी शिरणे, ही केराटोकोनसमधील तातडीची गुंतागुंत आहे. यात डोळा एकाएकी पांढरा होऊन दृष्टी जाते. पटल काही आठवड्यांत वा महिन्यांत सहसा आपोआप भरून येते. हा काळ कमी करण्यासाठी डोळ्यात वायू भरणे किंवा दाब देणारे टाके घालणे असे उपाय करतात. मागे वण राहिल्यास नंतर प्रतिरोपण करावे लागते.

ऊतक पुनर्जनन

वरील पद्धतींपैकी क्रॉस-लिंकिंग आणि कृत्रिम कडी दात्याच्या ऊतकाविना करता येतात, परंतु त्यांनी हरवलेली जाडी भरून येत नाही. प्रतिरोपणाने ती भरून येते, परंतु त्यासाठी दाता लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार सुमारे १ कोटी २७ लाख लोक स्वच्छमंडलाच्या प्रतीक्षेत होते आणि दर ७० गरजूंमागे केवळ एक स्वच्छमंडल उपलब्ध होते. यांत इतर विकारांचे रुग्णही समाविष्ट आहेत. या तुटवड्यामुळे दात्यावाचून ऊतक मिळवण्याच्या प्रयत्नांना महत्त्व आले.

लेसर शस्त्रक्रियेतील पापुद्र्याचा पुनर्वापर : निकटदृष्टिता घालवण्याच्या स्माइल या लेसर शस्त्रक्रियेत निरोगी व्यक्तीच्या स्ट्रोमातून भिंगाच्या आकाराचा पापुद्रा काढला जातो. एरवी तो टाकून दिला जातो. हा पापुद्रा केराटोकोनसच्या रुग्णाच्या स्ट्रोमात बसवून जाडी वाढवण्याचा आणि सोबत क्रॉस-लिंकिंग करण्याचा प्रयोग बंगळूर येथे झाला. त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मूलपेशी : स्पेनमधील आलिकान्ते येथे होर्हे आलिओ यांच्या गटाने रुग्णाच्याच चरबीतून मिळवलेल्या मूलपेशी लेसरने केलेल्या कप्प्यात सोडल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच रुग्णांच्या अहवालात पेशी टिकून राहिल्याचे, स्वच्छमंडल पारदर्शक राहिल्याचे आणि थोडे नवे कोलॅजन तयार झाल्याचे दिसले. मात्र गेलेली जाडी भरून निघेल इतके ते नव्हते. त्यानंतर याच गटाने दात्याच्या स्ट्रोमाचे १२० मायक्रॉन जाडीचे पापुद्रे घेऊन त्यांतील सर्व पेशी धुऊन काढल्या आणि उरलेला सांगाडा मूलपेशींसह अथवा त्यांच्याविना रुग्णांत बसवला. परक्या पेशी नसल्याने असा सांगाडा नाकारला जाण्याचा धोका कमी होतो आणि रुग्णाच्या पेशी हळूहळू त्यात वस्ती करतात.

हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचे सायन बासू आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी स्वच्छमंडलाच्या कडेवरील स्ट्रोमातून मूलपेशी वेगळ्या केल्या. या पेशी उंदरांच्या जखमी स्वच्छमंडलावर लावल्यास वण न पडता पारदर्शक ऊतक तयार होते, असे २०१४ मध्ये त्यांनी दाखवले. रासायनिक भाजण्यावर वापरला जाणारा कडेच्या मूलपेशींचा उपचार याहून वेगळा आहे. तो अधिस्तर पुन्हा तयार करण्यासाठी असतो, केराटोकोनसमध्ये पातळ झालेल्या स्ट्रोमासाठी नव्हे.

पुनःसंयोजित मानवी कोलॅजन : स्वीडनमधील लिन्शोपिंग येथे पेर फागरहोल्म, मे ग्रिफिथ व सहकाऱ्यांनी दहा रुग्णांत प्रयोगशाळेत तयार केलेल्या मानवी कोलॅजनचे स्वच्छमंडल बसवले. यांपैकी नऊ जणांना केराटोकोनस होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांनुसार रोपण कोणीही नाकारले नाही आणि दीर्घकाळ प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागली नाहीत. रुग्णांच्या स्वतःच्या पेशी आणि मज्जातंतू त्यात वाढले. म्हणजे बसवलेला पदार्थ केवळ पोकळी भरणारा न राहता ऊतकाच्या पुनर्जननाचा साचा ठरला. मात्र पदार्थ नरम असल्याने टाक्यांच्या दाबाने काही ठिकाणी तो पातळ झाला आणि मिळालेली दृष्टी दात्याच्या प्रतिरोपणाइतकी चांगली नव्हती.

डुकराच्या कोलॅजनचे रोपण : या अनुभवावरून लिन्शोपिंग येथील नील लागाली व मेहरदाद राफत यांच्या गटाने पदार्थ व शस्त्रक्रिया दोन्ही बदलल्या. अन्नउद्योगात उपउत्पादन म्हणून मिळणाऱ्या डुकराच्या कातडीतील कोलॅजन शुद्ध करून त्यावर दोनदा क्रॉस-लिंकिंग करण्यात आले. त्यामुळे रोपण मजबूत झाले आणि ते दोन वर्षांपर्यंत साठवता येऊ लागले. शस्त्रक्रियेत रुग्णाचे कोणतेही ऊतक काढले जात नाही. लहान छेदातून स्ट्रोमात कप्पा करून रोपण आत सरकवले जाते आणि टाके लागत नाहीत.

वाढलेल्या केराटोकोनसच्या २० रुग्णांवर हा प्रयोग झाला. त्यांतील १२ रुग्ण इराणमधील होते आणि ८ रुग्णांवर नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शस्त्रक्रिया झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत स्वच्छमंडलाची जाडी सरासरी २०० मायक्रॉनहून अधिक वाढली होती आणि कमाल वक्रता इराणमध्ये सरासरी ११.२, तर भारतात १३.९ डायॉप्टरने घटली होती. शस्त्रक्रियेपूर्वी २० पैकी १४ जण अंधत्वाच्या व्याख्येत बसत होते. दोन वर्षांनंतर त्यांपैकी एकही बसत नव्हता. प्रतिकारशक्ती दडपणारे थेंब आठ आठवडेच द्यावे लागले.

त्रिमितीय मुद्रण : इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात २०१८ मध्ये मानवी केराटोसाइट पेशी आणि कोलॅजनयुक्त जेल वापरून स्वच्छमंडलाच्या आकाराची रचना मुद्रित करण्यात आली. भारतात एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, हैदराबाद येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र यांनी मानवी ऊतकापासून बनवलेल्या शाईने मुद्रित स्वच्छमंडल तयार करून सशाच्या डोळ्यात बसवल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. केराटोकोनसवरील नेहमीचा उपचार म्हणून या रचना अद्याप उपलब्ध नाहीत.

मर्यादा

पुनर्जननाच्या बहुतेक अभ्यासांत रुग्णांची संख्या पाच ते वीस इतकी अल्प आहे, तुलनेसाठी नियंत्रित गट नाही आणि पाठपुरावा थोड्या वर्षांचा आहे. दोन वर्षे पारदर्शक राहिलेले रोपण वीस वर्षे तसेच राहील का, हे केवळ काळच दाखवू शकतो. केराटोकोनसचे रुग्ण तरुण असल्याने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. वाढलेली जाडी आणि कमी झालेली वक्रता म्हणजे चष्म्याविना स्पष्ट दृष्टी नव्हे. दिल्ली व इराण येथील प्रयोगातही दृष्टीची मोजणी चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्ससह केलेली होती. स्ट्रोमात आधीच दाट वण असेल, तर तो तसाच ठेवून त्यात रोपण सरकवल्याने वण नाहीसा होत नाही.

नेत्रदानाशी संबंध

संपूर्ण जाडीचे व आंशिक प्रतिरोपण, बोमन स्तराचे प्रतिरोपण, दात्याच्या ऊतकाची कडी आणि पेशी धुतलेले पापुद्रे या सर्व पद्धती नेत्रदानावर अवलंबून आहेत. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा असलेल्या किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीही नेत्रदान करू शकतात. प्रतिरोपणासाठी संपूर्ण डोळा नव्हे, तर स्वच्छमंडल वापरले जाते. विशेष द्रावणात ते काही दिवस ते दोन आठवडे टिकते. भारतात दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा म्हणून पाळला जातो.

थर वेगवेगळे करून वापरण्याच्या तंत्रामुळे एका दात्याच्या ऊतकाचा उपयोग एकाहून अधिक रुग्णांना होऊ शकतो. पुढील स्तर केराटोकोनसच्या रुग्णाला आणि अंतःस्तर अन्य विकाराच्या रुग्णाला देता येतो. दुसरीकडे, पौगंडावस्थेतच निदान होऊन वेळेवर क्रॉस-लिंकिंग झाल्यास अनेक रुग्णांना प्रतिरोपणाची गरजच पडत नाही. त्यामुळे शाळकरी मुलांच्या चष्म्याचा क्रमांक सतत बदलत असल्यास स्वच्छमंडलाची तपासणी करणे आणि डोळे चोळण्याची सवय मोडणे, या उपायांना शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व दिले जाते.

हेही पहा

• स्वच्छमंडल
• नेत्रदान
• नेत्रपेढी
• मूलपेशी
• कोलॅजन
• लॅसिक शस्त्रक्रिया